जागा तेवढीच, हवा थंड कशी करायची? टर्बोडिझेल गाडीतल्या इंटरकूलरचा हिशेब

आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून दोघातिघांनी दारातच विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं इंटरकूलरशी काय नातं? प्रश्न रास्त आहे. गाड्यांच्या दुरुस्तीत आणि ‘मॉडिफिकेशन’मध्ये जे पैसे वाया जातात, त्यांतले बरेचसे चुकीच्या अनुमानामुळे जातात. सुटा भाग चांगला असतो, मेकॅनिकचा हातही चांगला असतो, पण ‘हे असं होतंय, म्हणजे कारण हेच’ ही उडी चुकलेली असते. अनुमान हा माझा विषय. त्यामुळे आज थोडं भौतिकशास्त्र, थोडं गॅरेज आणि जिथे लागेल तिथे थोडं न्यायशास्त्र, असं आपण बोलू.

समोर बसलेल्यांत काही जण पर्यटनाची गाडी चालवतात, काहींची शेतावरची गाडी आहे. एका इंजिनाच्या कामात हंगामाची कमाई जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून प्रश्न असा मांडतो: बॉनेटखाली जागा नाही, गाडी भरलेली आहे, घाट चढायचा आहे. अशा वेळी इंजिनाकडे जाणारी हवा जास्त थंड कशी करायची? आणि मुळात करायची गरज आहे का, हे कसं ओळखायचं?

दाबली की हवा तापते

सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, हे सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. हवा दाबण्यासाठी आपण जे काम करतो ते हवेच्या उष्णतेत जमा होतं. टर्बो हेच करतो, फक्त मिनिटाला एक लाखाहून अधिक फेऱ्यांनी. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबण्याच्या कल्पनेचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं. तेव्हापासून हा प्रश्न टर्बोच्या पाठीला चिकटलेला आहे.

आकडे घेऊ म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. बाहेर ३५ अंश सेल्सिअस तापमान आहे. टर्बो १.२ बार बूस्ट देतोय, म्हणजे इंजिनाकडे जाणारी हवा वातावरणाच्या २.२ पट दाबाची आहे. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरा. गणित केलं तर टर्बोतून बाहेर पडणारी हवा सुमारे १४६ अंशांची निघते. चहाच्या उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम.

आता गंमत बघा. दाब २.२ पट झाला म्हणून सिलिंडरमध्ये हवाही २.२ पट गेली का? नाही. गरम हवा पसरते, विरळ होते. १४६ अंशांच्या त्या हवेची घनता बाहेरच्या हवेच्या फक्त १.६२ पट भरते. दाबाच्या मीटरवर दिसणारं सगळं खरं, पण इंजिनाला दाब लागत नाही, ऑक्सिजन लागतो. तो वजनावर मोजायचा असतो.

मग मध्ये इंटरकूलर येतो. तो हीच हवा ६० अंशांवर आणतो. त्याच्या नळ्यांतून जाताना थोडा दाब हरवतो, तो ०.१ बार धरू. आता घनता १.९४ पट झाली. म्हणजे तोच टर्बो, तेच इंजिन, आणि हवा २० टक्के जास्त.

नावाबद्दल एक शब्द. ‘इंटर’ म्हणजे मधला. दोन टप्प्यांत हवा दाबणाऱ्या यंत्रांत दोन टप्प्यांच्या मध्ये थंड करणारा तो इंटरकूलर. आपल्या गाड्यांत एकच टप्पा असतो, त्यामुळे ट्रकच्या दुनियेत याला ‘चार्ज एअर कूलर’ म्हणतात, ते नाव जास्त खरं आहे. पण रूढ झालेलं नाव बदलायच्या भानगडीत आपण पडायचं नाही.

किती काम होतंय, हे कसं मोजायचं

इंटरकूलर चांगला की वाईट, हे नुसत्या बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानावरून सांगता येत नाही. जानेवारीत महाबळेश्वरला कुठलाही इंटरकूलर चांगलाच वाटेल. मोजायचं ते असं: हवा किती अंशांनी उतरली, भागिले ती जास्तीत जास्त किती अंशांनी उतरू शकली असती. जास्तीत जास्त म्हणजे बाहेरच्या हवेपर्यंत, कारण हवेने हवा थंड करताना बाहेरच्या हवेपेक्षा खाली जाता येत नाही. आपल्या उदाहरणात १४६ वरून ६० वर, म्हणजे ८६ अंश उतरली. जास्तीत जास्त १११ उतरली असती. ८६ भागिले १११, म्हणजे ७७ टक्के. हे उत्तम काम आहे.

दुसरा आकडा दाब किती हरवला याचा. हे दोन आकडे नेहमी जोडीने बघायचे. का ते पुढे येईल.

तिसरी गोष्ट म्हणजे उष्णता किती फेकायची आहे. तीन लिटरचं डिझेल इंजिन ३००० आरपीएमवर पूर्ण ताकदीने चाललं, तर सेकंदाला सुमारे १४० ग्रॅम हवा घेतं. ती ८६ अंशांनी उतरवायची म्हणजे साधारण १२ किलोवॉट उष्णता बाहेर टाकायची. न्हाणीघरातला गिझर २ किलोवॉटचा असतो. असे सहा गिझर एकदम चालू ठेवले तर जितकी उष्णता, तितकी ही. आणि ती घेऊन जायला बाहेरची हवा लागते. ती हवा जाळीतून जाताना ४० अंशांनी तापते असं धरलं, तर सेकंदाला जवळजवळ २६० लिटर हवा जाळीतून पलीकडे गेली पाहिजे. हा आकडा लक्षात ठेवा. जागा कमी असली की अडतं ते नेमकं इथे.

घाटात काय होतं

उदाहरण म्हणून एक ओळखीची गाडी घेऊ. २००९ मध्ये भारतात आलेली पहिली टोयोटा फॉर्च्युनर, २९८२ सीसीचं डी-फोर-डी इंजिन. तिच्या बॉनेटवर एक तोंड आहे, ज्याला आपण स्कूप म्हणतो. ते शोभेचं नाही. इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर आडवा बसवलेला आहे आणि स्कूपमधून आलेली हवा त्याच्यातून खाली जाते. या मांडणीचे फायदे खरे आहेत: पाइप आखूड, दाबाचा तोटा कमी, पुढे रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरला अडथळा नाही. पण दोन दुखणी आहेत. जागा बेताची, आणि खाली इंजिनाची भट्टी.

स्कूपमध्ये हवा ढकलणारा दाब गाडीच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ताशी ८० किलोमीटरला तो पाण्याच्या २९ मिलिमीटर स्तंभाइतका असतो. ताशी २० किलोमीटरला, म्हणजे कुंभार्ली घाटात ट्रकच्या मागे अडकलात तर, २ मिलिमीटरहूनही कमी. वेग चौथाई झाला, दाब सोळावा हिस्सा उरला. इंजिन मात्र चढावर पूर्ण जोर लावतंय. उष्णता जास्तीत जास्त आणि वारा कमीत कमी, असा हा प्रसंग.

अशा वेळी इंटरकूलरची कार्यक्षमता ७७ वरून ४० टक्क्यांवर आली असं धरा. मग बाहेर पडणारी हवा ६० ऐवजी १०२ अंशांची. घनता १.९४ वरून १.७३. अकरा टक्के हवा गेली. आणि जर जाळीतून जाणारी हवा स्कूपमधली ३५ अंशांची नसून बॉनेटखालचीच ६५ अंशांची असेल, तर कार्यक्षमता ७७ टक्के राहूनही बाहेर ८४ अंशांची हवा येईल. म्हणजे जाळी निर्दोष असूनही काम बिघडू शकतं.

याचा परिणाम कुठे दिसतो? एक्झॉस्टच्या तापमानात. सिलिंडरमध्ये शिरणारी हवा जितकी अंशांनी गरम, साधारण तितकी किंवा थोडी जास्त भर पलीकडे पडते. पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पेटलेला वायू त्याच्याहून कितीतरी गरम असूनही पिस्टन टिकतो, कारण वायूचा स्पर्श क्षणभराचा असतो आणि खालून ऑइलचा फवारा त्याला थंड ठेवतो. हा तोल सतत ढळत राहिला की पिस्टन, टर्बोची चाकं, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांचं आयुष्य कमी होतं. एकदम काही फुटत नाही, म्हणून लक्षात येत नाही.

धूर आहे, म्हणून काय?

इथे थोडं न्यायशास्त्र. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान आपल्याकडे दीड-दोन हजार वर्षं शिकवलं जातंय. पण उलटं अनुमान, ‘अग्नी आहे म्हणून धूर असणारच’, हे नैयायिक मान्य करत नाहीत. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी ओलं सरपण लागतं. या आड येणाऱ्या अटीला ते ‘उपाधी’ म्हणतात.

डिझेल इंजिनात अग्नी नेहमीच असतो. काळा धूर येतो तो डिझेलच्या मानाने हवा कमी पडली की. ही इथली उपाधी. म्हणून घाटात काळा धूर दिसला, तर ‘हवा कमी पडतेय’ एवढंच सिद्ध होतं. ‘इंटरकूलर लहान आहे’ हे सिद्ध होत नाही. एअर फिल्टर चोंदलेला असेल, रबरी होजला चीर असेल, इंजेक्टर जास्त डिझेल टाकत असेल, ईजीआर झडप उघडी अडकली असेल, टर्बो थकला असेल. यांतलं काहीही धूर देऊ शकतं. मोठा इंटरकूलर बसवून चिरलेला होज बरा होत नाही.

मग निर्णय कसा करायचा? आपल्याकडची जुनी पद्धत आहे, अन्वय-व्यतिरेक. कारण असताना कार्य होतं का, आणि कारण काढल्यावर कार्य जातं का, दोन्ही बघायचं. गॅरेजच्या भाषेत: एका वेळी एकच गोष्ट बदला. एकाच दिवशी फिल्टर बदलला, होज बदलला आणि इंटरकूलर धुतला, गाडी सुधारली, तर तिघांतला गुण कोणाचा ते कधीच कळणार नाही.

मोजायला फार काही लागत नाही. तापमानाचे दोन सेन्सर, एक इंटरकूलरच्या आधी आणि एक नंतर, आणि तिसरा जाळीच्या वरच्या बाजूला, जिथून थंड हवा शिरते तिथे. ओबीडीचं यंत्र लावून मोबाइलवर ‘इनटेक एअर टेंपरेचर’ बघणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना. बऱ्याच गाड्यांत हा आकडा एअर फिल्टरजवळच्या सेन्सरचा असतो, म्हणजे टर्बोच्याही आधीचा. तो ४० दाखवतो म्हणून इंटरकूलर छान आहे असं मानणं म्हणजे पाहुणा दारात हसला म्हणून जेवण आवडलं असं समजणं. आपला सेन्सर कुठे बसलाय ते आधी शोधा. आणि चाचणी घ्यायची ती त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, तितकीच माणसं बसवून, सारख्याच हवामानात.

आधी आहे ते पुरतं वापरा

जागा कमी असताना पहिला नियम हा, की आहे त्या जाळीला मिळणारी हवा पूर्ण मिळू द्या. हा भाग सगळ्यांत स्वस्त आहे आणि म्हणूनच दुर्लक्षित आहे.

हवा पाण्यासारखीच, सोपी वाट धरते. स्कूप आणि इंटरकूलर यांच्यामध्ये रबराची किंवा फोमची पट्टी असते. ती वाळली, तुटली, दुरुस्तीत कुणी काढून ठेवली, की हवा दाट जाळीतून न जाता बाजूच्या फटीतून निघून जाते. एक बोट जाईल एवढी फट पुरते. बॉनेट बंद केल्यावर पट्टी सगळीकडे टेकते का, हे पाहायला तिच्यावर खडूची पूड लावा, बॉनेट लावून उघडा, आणि खडू कुठे उमटला ते बघा. पुढच्या बाजूला इंटरकूलर असलेल्या गाड्यांतही हाच नियम: कडेच्या सगळ्या फटी बंद.

दुसरं, बाहेरची सफाई. जाळीत धूळ, किडे, पिसं अडकतात. मऊ ब्रश आणि पाण्याची हलकी धार पुरे. प्रेशर वॉशर जवळून मारला की पत्रे आडवे होतात आणि मग काहीच आत जात नाही.

तिसरं, आतली सफाई. इंजिनाच्या ब्रीदरमधून तेलाची वाफ येते आणि इंटरकूलरच्या आत तिचा थर बसतो. थोडं तेल असणं नेहमीचं आहे. वाटीभर निघालं तर ब्रीदर किंवा टर्बोचं सील तपासायला हवं, कारण साचलेलं तेल एकदम इंजिनात ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्याच्यावरच पळत सुटतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. धुण्यासाठी वापरलेलं सॉल्व्हंट आत राहिलं तरी हाच धोका. म्हणून इंटरकूलर धुतल्यावर पूर्ण वाळल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. घाई इथे नको.

चौथं, गळती. एअर फिल्टरकडचा पाइप सोडून तिथे बूच बसवायचं आणि कॉम्प्रेसरने हळूहळू, बूस्टपेक्षा कमी दाबाने हवा भरायची. जोडांवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे सांगतात. बुचासमोर तोंड धरून उभं राहू नका, ते गोळीसारखं सुटतं.

पाचवं, बाहेर जायची वाट. हवा आत शिरते तेव्हा दुसरीकडून बाहेर पडली पाहिजे, नाहीतर कोंडते. इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं किंवा पत्र्याचं कव्हर काढून टाकलं की हवा मोकळी होते असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते कव्हर बहुतेक गाड्यांत खालच्या वाऱ्याला दिशा देतं, त्यामुळे ते असेल तर जागेवर ठेवा. बॉनेटची मागची कड वॉशर घालून उचलायची एक पद्धत आहे. गाडी उभी असताना किंवा हळू चढताना त्यातून गरम हवा वर निघते, हे खरं. पण वेगात काचेच्या पायथ्याशी वाऱ्याचा दाब वाढलेला असतो, त्यामुळे तिथून हवा बाहेर न पडता आत शिरू शकते. म्हणजे हा उपाय एका परिस्थितीत उपयोगाचा आणि दुसरीत उलटा.

सहावं, खालची भट्टी झाकणं. टर्बोची गरम बाजू आणि इंटरकूलर यांच्यामध्ये कंपनीने दिलेला पत्रा असतो. तो खडखडतो म्हणून काढून टाकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. तो परत बसवा. टर्बोला उष्णतारोधक गुंडाळायचं असेल तर फक्त टर्बाइनच्या बाजूला, मधल्या बेअरिंगच्या भागाला नको. आणि तेल गळत असेल तर आधी गळती थांबवा. तेल प्यायलेलं ते कापड पेट घेतं.

पंखा

एवढं करूनही हळू चढताना वारा कमी पडत असेल तर विजेचा पंखा हा सरळ उपाय आहे, कारण दुखणं वेगाच्या अभावाचं आहे आणि पंखा वेगावर अवलंबून नाही. जागा कमी म्हणून पातळ पंखा लागतो. पंख्याच्या खोक्यावर लिहिलेला हवेचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, दाट जाळीसमोर तो बराच खाली येतो. मघाचे २६० लिटर आठवा आणि पंखा निवडा.

पंखा आणि जाळी यांच्यामध्ये चौकट हवी, नाहीतर पंख्यासमोरचा गोलच थंड होतो आणि कोपरे तसेच राहतात. हवा वरून खाली जायची असेल तर पंखा त्याच दिशेने लावायचा, वाऱ्याविरुद्ध लावून दोघांची मारामारी नको. वेगात पंखा हा अडथळाच असतो, म्हणून तो जाळीचा सगळा भाग झाकणारा नसावा. वायरिंगला रिले आणि फ्यूज हवा, आणि तापमानाने चालू-बंद होणारा स्विच असेल तर उत्तम.

मोठा, जाड, की पुढे?

आता ज्याचा सगळ्यांना मोह असतो तो उपाय. जागा लांबी-रुंदीत नाही, मग जाळी जाड करू. दुप्पट जाड म्हणजे दुप्पट थंड?

घंटागाडीचं उदाहरण घ्या. ती पहिल्या दोन गल्ल्यांतच भरली, तर पुढच्या गल्ल्यांतून नुसती घंटा वाजवत जाते. जाळीतून जाणारी थंड हवा अशीच. पहिल्या थरात ती उष्णता उचलते, मागच्या थरापर्यंत पोचते तेव्हा स्वतःच तापलेली असते. वर, जाडीमुळे तिला जायला अडथळा वाढतो, म्हणून घंटागाडीच हळू चालते. समोरची पृष्ठफळ वाढली तर नव्या गल्ल्यांना नवी गाडी मिळते. म्हणून इंच उपलब्ध असेल तर तो आधी रुंदीला द्या, मग जाडीला.

आणि दाबाचा हिशेब विसरू नका. समजा दाट, लांब वाटेचा इंटरकूलर बसवला. हवा ६० ऐवजी ५० अंशांवर आली, पण दाबाचा तोटा ०.१ ऐवजी ०.२५ बार झाला. घनता किती? १.८६. आधी १.९४ होती. हवा थंड झाली आणि कमीही झाली! आधुनिक गाडीत दाबाचा सेन्सर इनटेक मॅनिफोल्डवर असतो, तिथे कमी दाब दिसला की संगणक टर्बोला जास्त फिरवतो. मग टर्बोतून निघणारी हवाच जास्त गरम. आपणच कूलरचं काम वाढवलं.

बार-अँड-प्लेट की ट्यूब-अँड-फिन, हा वादही असाच. पहिला दणकट आणि जड, धातू जास्त असल्याने थोडा वेळ चढ सोसून नेतो. दुसरा हलका, बाहेरच्या वाऱ्याला त्यातून जाणं सोपं. जिथे वाराच कमी तिथे दुसरा अनेकदा जास्त शहाणा.

इंटरकूलर पुढे बंपरमागे नेला तर वारा चांगला मिळतो. पण तो कंडेन्सर आणि रेडिएटरच्या पुढे बसतो, त्यांना तापलेली हवा देतो. पाइप लांबतात, जोड वाढतात, बूस्ट यायला उशीर लागतो. हवा थंड झाली आणि कूलंट तापला, तर आपण दुखणं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवलं. शिवाय कापाकापी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मूळ नोंदीतले तपशील मालकाला परस्पर बदलता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये यावर स्पष्ट निर्णय दिलेला आहे. अपघातानंतर विमा कंपनी काय म्हणेल याचाही विचार आधी करावा.

पाण्याचे दोन उपाय

पहिला, हवेऐवजी पाण्याने थंड करणारा इंटरकूलर. तेवढ्याच वजनाचं पाणी हवेच्या चौपट उष्णता उचलतं, आणि ते दाट असल्यामुळे कूलर लहान होतो. अडचणीच्या जागेला हे फार सोयीचं. मिनिटाला २० लिटर पाणी फिरवलं तर १२ किलोवॉट उष्णतेने ते फक्त साडेआठ-नऊ अंशांनी तापतं. पण प्रश्न असा, की ते पाणी थंड कोण करणार? शेवटी पुढे एक लहान रेडिएटर लागतोच आणि उष्णता हवेतच जाते. थोडा वेळ जोर लावायचा असेल, उदाहरणार्थ ओव्हरटेक, तर पाण्याचा साठा मदत करतो. अर्ध्या तासाचा घाट असेल तर पुढच्या रेडिएटरची ताकद हीच खरी मर्यादा. पंप बंद पडला तर काय, हाही विचार हवा.

दुसरा, जाळीवर बाहेरून पाण्याचा फवारा. पाण्याचं बाष्प होताना किलोमागे सुमारे २४०० किलोजूल उष्णता लागते. म्हणजे मिनिटाला ३०० मिलिलिटर पाणी जाळीवर पूर्ण वाळलं तर आपले १२ किलोवॉट गेले. प्रत्यक्षात बरंचसं पाणी ओघळून जातं, तरीही परिणाम मोठा आहे. आणि जागा किती लागते? एक टाकी, एक वॉशरचा पंप, दोन नोझल. पण विदर्भातला कूलर मुंबईत का चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. एप्रिलमध्ये नागपूरच्या कोरड्या हवेत हा फवारा जादू करेल, जुलैत कोकणातल्या घाटात फारसं काही करणार नाही. बोअरचं पाणी वापरलं तर क्षारांचा थर बसून जाळीच निकामी होते, म्हणून क्षार काढलेलं पाणीच घ्यावं. फवारा इंजिनाच्या हवेत शिरू द्यायचा नाही, आणि तापलेल्या मॅनिफोल्डवरही पडू द्यायचा नाही.

हे सगळं कशासाठी?

हा प्रश्न खरं तर पहिला. हेतू दोन असू शकतात. एक, जास्त ताकद. दोन, आहे त्या ताकदीत इंजिन निवांत ठेवणं. डिझेलमध्ये ताकद मुख्यतः डिझेल किती टाकलं यावर ठरते. हवा थंड केली आणि डिझेल तेवढंच ठेवलं, तर ताकद थोडीशीच वाढते. मात्र धूर कमी होतो, एक्झॉस्ट थंड राहतं, नायट्रोजनच्या ऑक्साइडचं प्रमाण घटतं. ही कमाई आहे. पण पुष्कळ जण इंटरकूलर सुधारतात आणि मग रीमॅप करून जास्त डिझेल टाकतात. मिळवलेली शिल्लक त्याच दिवशी खर्च. मग घाटात एक्झॉस्ट पुन्हा पूर्वीइतकंच तापतं, आणि क्लच-गिअरबॉक्सवर भार वाढतो तो वेगळाच. दोन्ही हेतू एका पैशात साधत नाहीत, हे गाडी गॅरेजला नेण्याआधी स्वतःशी ठरवा.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, घाटात एसी बंद केला तर इंटरकूलरला फरक पडतो का?*

इंटरकूलर कुठे आहे त्यावर अवलंबून. कंडेन्सरच्या मागे असेल तर नक्की पडतो, कारण त्याला कंडेन्सरने तापवलेली हवा मिळते. स्कूपखालच्या इंटरकूलरला थेट फरक कमी, पण बॉनेटखालची उष्णता उतरते आणि एसीचा भार इंजिनावरून जातो. काटा चढताना दिसला तर दहा मिनिटं बंद ठेवायला हरकत नाही. मागे लहान मूल किंवा म्हातारं माणूस बसलंय का ते बघून.

*घाट चढून वर आल्यावर चहाला थांबतो. लगेच इंजिन बंद करावं का?*

एक-दोन मिनिटं आयडलवर राहू द्या. टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल फिरत राहिलं पाहिजे, नाहीतर ते तिथेच जळून कोळसा होतं. आणि चहा पिऊन परत आल्यावर पहिली पाच मिनिटं इंटरकूलर तापलेलाच असतो, कारण खालची उष्णता वर चढून जाळीत मुरलेली असते. तेव्हा लगेच मोजलेला आकडा बघून घाबरू नका, आणि लगेच पूर्ण जोरही लावू नका.

*माझं बजेट कमी आहे. एकच गोष्ट करायची तर कोणती?*

रबराची पट्टी आणि होज तपासा, जाळी धुवा, मग मोजा. यानंतरही हळू चढताना आकडा वाईट आणि वेगात चांगला असेल, तर पंखा. दोन्हीकडे वाईट असेल, तरच नवीन जाळीचा विचार. आणि दोन्हीकडे चांगला असेल, तर तुमचा धूर दुसरीकडून येतोय. इंटरकूलरला हात लावू नका, इंजेक्टर तपासायला द्या.